विमलावयनीचे हात

माझी थोरली जाऊ विमला हिच्याइतकी स्वतःवर खूश असलेली बाई अख्ख्या पेडणे तालुक्यात दुसरी सापडणार नाही. डिचोलीत एखादी असलीच तर ती हिची बहीण असणार, कारण हिचं माहेर तिथलं. वय एकसष्ट, उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. कोरगावात आमचं घर एकच आहे, मधोमध भिंत घालून दोन केलेलं. पण अंगण, न्हाणी आणि मागची सामानाची खोली सामाईक. न्हाणी सामाईक असल्यामुळे चौतीस वर्षं मी रोज सकाळी हिची प्रवचनं ऐकत अंगावर पाणी घेतलेलं आहे.

प्रवचनाचा विषय एकच, तिचे हात.

वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, पूर्वी रुक्मिणी नावाची वयजीण होती. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायचं काम तिचं. ती म्हातारी होऊन गेली, तशी विमलावयनीने तिची जागा घेतली. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. पदर खोचला आणि बसली पाटावर पाय पसरून. या कामाबद्दल ती कोणाकडून साधा खणसुद्धा घेत नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. खण घेतला असता तर माणसं स्वस्तात सुटली असती. ती त्या पोराच्या आयुष्यावरच हक्क सांगते. बाबलीचा मुलगा पोलिसात भरती झाला, तर त्याची छाती कोणी रुंद केली? विमलाने. ताराची मुलगी शाळेच्या नाचात पहिली आली, तर तिचे पाय कोणी सरळ केले? विमलाने. आणि तो जो दारू पिऊन केरीच्या किनाऱ्यावर लोळतो, त्याचं काय? "तो माज्याकडे धाच दीस आसलो." दहा दिवसांत ती तरी काय करणार?

माझा साईश पाच फूट अकरा इंच आहे. त्याचे वडील उंच, माझे तिन्ही भाऊ उंच. पण त्याच्या लग्नाच्या मांडवात ही बाई व्याह्यांना सांगत होती, "हेका ओडून ओडून हांवेंच लांब केलो." व्याहीही मान डोलावत होते. मला तेव्हा हातातला नारळ खाली ठेवावा लागला, इतका राग आला होता.

रागाला जुनं कारण होतं, ते सांगून टाकते. साईश तीन महिन्यांचा असताना मी पेडण्याच्या बाजारात औषधांच्या दुकानात कामाला जायला लागले. पोर विमलावयनीकडे. संध्याकाळी मी घरी आले की ती त्याला माझ्या हातात द्यायची आणि वर सूचना द्यायची, कसं धरायचं त्याची. माझ्याच मुलाला कसं धरायचं, हे मला रोज नव्याने शिकवलं जायचं. एकतीस वर्षं मी त्या दुकानात काढली. औषधांची नावं, मात्रा, कशावर काय देतात, कशाबरोबर काय देऊ नये, सगळं तोंडपाठ झालं. पण घरी माझी किंमत काय, तर पोर सोडून बाजारात जाणारी बाई. म्हणून मला तिचा तिटकारा होता. आहे म्हटलं तरी चालेल.

आता तिची आंघोळ. आंघोळ कसली, कवायत. भाणातलं, म्हणजे न्हाणीतल्या मोठ्या हंड्यातलं, कढत पाणी, वाटीभर खोबरेल, आणि पायांवर पालथं घातलेलं बाळ. आधी पाठ चोळायची, मग उजवा हात डाव्या पायाला नेऊन टेकवायचा, डावा उजव्याला. मग नाक चिमटीत धरून वर ओढायचं. आणि शेवटी तिचा खास प्रकार, जो बघायला शेजारणी जमायच्या. बाळाचे दोन्ही घोटे एका मुठीत धरून त्याला उलटं उचलायचं आणि तीन झोके द्यायचे. "एक घराचो, एक दाराचो, एक देवाचो." पोर किंचाळायचं, बायका हसायच्या, ही म्हणायची, "रडूंदे, फुफ्फुसां मोठी जातत." त्यावर सगळ्या माना डोलावणार. उंटावरचा शहाणा एकच असतो, पण त्याच्यामागून चालणाऱ्यांची रांग मोठी असते.

गेल्या माघात तिची सून समीक्षा बाळंत झाली. एकोणतिसाव्या आठवड्यात. म्हणजे जवळजवळ तीन महिने आधी.

समीक्षा डिचोलीचीच, विमलावयनीने स्वतः निवडून आणलेली. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी ठरलेलं. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मोठ्या सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत सगळं हातघाईवर आलं होतं. मुलगी झाली, वजन अकराशे ग्रॅम. आमच्या परसातली पपईसुद्धा त्याहून जड असते. काचेच्या पेटीत, नाकात नळी, पायाला सुई. समीक्षा सत्तावन्न दिवस तिथे बाकावर बसून राहिली, दर तीन तासांनी दूध काढून देत. तिचा नवरा रुद्रेश मांद्र्याला एका गेस्ट हाऊसवर व्यवस्थापक आहे, पाहुण्यांच्या टॉवेलपासून वायफायपर्यंत सगळं सांभाळतो. बायको सांभाळायची वेळ आली की मात्र त्याला आईला विचारावं लागतं.

विमलावयनी इस्पितळात एकदाच गेली. काचेतून नात बघितली आणि तिथल्या नर्सला सांगितलं की बाळाला तेल नाही लावलेलं, म्हणून कातडी अशी दिसते. नर्स हसली. त्या हसण्याचा अपमान ही बाई घरी घेऊन आली आणि दोन महिने जपून ठेवला.

पोर घरी आलं तेव्हा अकराशे नव्हे, एकोणीसशे ग्रॅमचं होतं. नाव ठेवलं सिद्धी. घरी पाठवताना इस्पितळात समीक्षेला अर्धा दिवस बसवून सगळं शिकवलं होतं. तिने ते वहीत लिहून आणलं आणि आम्हा सगळ्यांना जमवून वाचून दाखवलं. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हाडांत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरला जातो. हिचे तेच तीन महिने चुकले. आईचं दूध उत्तमच, पण अशा बाळाला त्यातला चुना आणि फॉस्फरस पुरत नाही. म्हणून दुधात मिसळायची पूड वेगळी, पाण्यात विरघळवून द्यायची फॉस्फेटची पूड वेगळी, आणि थेंबांची एक बाटली. हाडं भरेपर्यंत चोळायचं नाही, ओढायचं नाही. लंगोट बदलतानासुद्धा घोटे धरून उचलायचं नाही, कुल्ल्यांखाली तळहात घालायचा. कारण आत्ता तिची हाडं म्हणजे सिमेंट कमी पडलेली भिंत आहे.

विमलावयनीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाडां मोडतत म्हणे! हांव काय लाकडां फोडतंय?"

कृष्णनाथ भावजी, म्हणजे तिचे यजमान, उठून काजूच्या बागेत गेले. लग्नापासून ते काजूतच आहेत. आमच्यात शहाणा माणूस म्हणायचा तर तोच.

पहिले बारा दिवस समीक्षेने किल्ला लढवला. कोमट पाण्यात कपडा भिजवून स्वतः पोर पुसायची, औषधं स्वतः द्यायची. विमलावयनी दारात उभी राहून बघायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमचां न्हाणवणां नाका, इस्पितळाचां पुसणां जाय!" जाय म्हणजे हवं. वाड्यावरच्या बायकाही विचारायला लागल्या, विमलाच्या घरचंच बाळ विमलाच्या हाताखाली का नाही? दुसऱ्यांची चाळीस पोरं न्हाऊ घातली, आणि स्वतःची नात सुकीच? तिच्या नाकाला हे फार लागलं. मला दिसत होतं आणि मला ते गोड वाटत होतं.

मग समीक्षेची छाती दुखायला लागली, गाठी झाल्या, ताप चढला. डॉक्टरने गोळ्या दिल्या. तीन दिवस तिला डोळे उघडवत नव्हते. विमलावयनी उशाशी येऊन बसली आणि मधासारख्या आवाजात म्हणाली, "तू निज गो. औषद हांव दितंय." बिचारी निजली. ताप उतरल्यावरही तसंच चालू राहिलं, कारण एकदा हातातून गेलेलं राज्य सून परत मागत नाही.

विमलावयनी औषध देत होती खरी, पण स्वतःचं. आमच्याकडे नाचणी भिजवून, वाटून, गाळून गुळाबरोबर पातळ शिजवतात, त्याला तिजण म्हणतात. आजाऱ्याला द्यावं, बाळंतिणीला द्यावं, हाडांना चांगलं. हे सगळं खरं आहे. पण तिजण सहा महिन्यांच्या आतल्या पोराला नसतं, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या दोन किलोच्या जिवाला तर नसतंच नसतं. ही बाई त्या तिजणावरचं निवळ पाणी काढून बोंडल्याने सिद्धीला पाजत होती. तिचा हिशेब सरळ होता. इस्पितळाचं औषध हाडांसाठी, नाचणीही हाडांसाठी. मग पुडीतली पिठी कशाला? नाचणी आपल्या शेतातली आहे.

मला हे कसं कळलं ते सांगते, कारण माझा भाग इथे सुरू होतो.

मी सामानाच्या खोलीत खोबरेल काढायला गेले होते. फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, ज्यात विमलावयनी बिबे आणि मायफळ ठेवते. तेलाची बरणी त्याच्यामागे. डबा सरकवला तर तो जड नव्हता, पण भरलेला वाटला. झाकण उघडलं. आत पुड्या, जशाच्या तशा बंद. फॉस्फेटच्या, दुधात घालायच्या, दोन्ही. आणि थेंबांची बाटली, जेमतेम वापरलेली. एकतीस वर्षं औषधं हाताळलेली बाई मी. ते काय आहे आणि ते डब्यात आहे म्हणजे पोराच्या पोटात काय नाही, हे मला एका नजरेत कळलं.

तेवढ्यात दारात विमलावयनी. तिने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मी झाकण लावलं.

"तेल मेळ्ळां?" तिने विचारलं.

"मेळ्ळां," मी म्हटलं.

आणि बरणी घेऊन बाहेर आले.

त्या क्षणी समीक्षा अंगणात कपडे वाळत घालत होती. दहा पावलांवर. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी नाही सांगितलं. का, ते मला नीट माहीत होतं, उगाच आता विसरल्याचं सोंग करत नाही. पुढच्या मंगळवारी इस्पितळात तपासणी होती. तिथे रक्त काढणार होते. रक्तात सगळं दिसणार होतं, फॉस्फरस किती, काय किती. डॉक्टर विचारणार, औषध दिलं नाही का? आणि मग सगळ्यांदेखत विमलाचं नाक कापलं जाणार. ते बघायला मी चौतीस वर्षं थांबले होते. आणखी नऊ दिवस थांबायला माझं काय जात होतं? मी घरी कॅलेंडरवर मंगळवारभोवती गोल केला. आमच्या ह्यांनी विचारलं, काय आहे मंगळवारी? मी म्हटलं, तपासणी.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी तर खातसुद्धा नव्हते, नुसती ताटाची वाट बघत होते.

त्या दिवसांत पोर बदललं. आधी भुकेला रडायचं. आता लंगोट बदलताना रडायचं, उचललं की रडायचं. आवाज बारीक, तुटका. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मी रेडिओ मोठा करायचे.

रविवारी सकाळी विमलावयनीने जाहीर केलं की आज सिद्धीचं न्हाण. समीक्षा दारात आडवी आली, म्हणाली, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय..." रुद्रेश घरी होता. तो म्हणाला, "एक दिवस घालू दे गो आईला, तिची हौस आहे." बस्स. बायकोच्या वहीत पानभर लिहिलेलं त्याने एका वाक्यात पुसलं. शेजारच्या तीनचार बायका बोलावलेल्याच होत्या. भाणाखाली जाळ पेटला होता. मी अंगणात काजूच्या बिया वाळत टाकत होते आणि न्हाणीचं दार उघडं होतं.

विमलावयनीने तेल लावलं. मान्य करते, तिचा हात हलका होता. मलाही तेव्हा वाटलं, सांभाळून घेतेय. मग एकीने म्हटलं, "झोके दिवचे नाय?" आणि ही हसली. घोटे मुठीत धरले. "एक घराचो..."

दुसरा झोका झालाच नाही. पोराने असा आवाज काढला की जाळावरचं लाकूड सारणाऱ्या बाईच्या हातातून लाकूड पडलं. विमलावयनीने सिद्धीला लगेच छातीशी घेतलं. डावा पाय नुसता लोंबत होता.

मग काय झालं, ते ऐकाल तर विश्वास बसणार नाही. तिने मीठमिरच्या आणायला सांगितल्या. दृष्ट. समोर पाय लटकतोय आणि ही बाई ओवाळून मिरच्या जाळतेय, "कोणाची दिश्ट लागली गो." मिरच्यांचा ठसका सगळ्यांना आला आणि त्यात समीक्षेचं रडणं कोणाला वेगळं ऐकू आलं नाही. मी गाडी बोलावली. एवढं केलं मी. पण आमचा मंगळवार रविवारीच उजाडला होता.

इस्पितळात फोटो काढला. मांडीचं हाड मोडलेलं, आणि छातीच्या दोन फासळ्यांवर जुन्या चिरा, भरत आलेल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती. फोटो उजेडापुढे धरून तिने मला समजावायला सुरुवात केली, कारण मी तोपर्यंत व्हरांड्यात सगळ्यांना ऐकवलं होतं की मी एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात होते. अशा वेळीसुद्धा माणसाला स्वतःची पाटी लावायची असते. तिने दाखवलं, हाडाच्या टोकाशी कसं विरळ झालंय. म्हणाली, अशा हाडाला फार जोर लागत नाही. नुसतं उचलतानासुद्धा मोडू शकतं.

मग एक बाई कागद घेऊन आल्या. इस्पितळातल्याच होत्या, आईबापांशी बोलणं हे त्यांचं काम. त्या शांतपणे म्हणाल्या की तीन महिन्यांच्या बाळाची मांडी मोडली की हे कसं झालं ते लिहून घ्यावंच लागतं. बाळ कोणाच्या हाती परत द्यायचं तेही त्यावरून ठरतं. त्यांनी समीक्षेला समोर बसवलं. बाळाला दिवसभर कोण बघतं? तू? आंघोळ कोण घालतं? औषधं कोण देतं? समीक्षा सासूकडे बघायची आणि मग जमिनीकडे. आई नसलेली मुलगी, सासरच्या बारा माणसांत राहायचं आहे, बोलणार काय आणि बोलली तर जाणार कुठे?

रुद्रेश खाकरला. म्हणाला, "हिला ताप होता. अशक्तपणा आहे. कदाचित हिच्याच हातून कधी निसटलं असेल."

त्या वेळी मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. हात उचलला नाही, तोंडही उघडलं नाही. कागदवाल्या बाईंनी समीक्षेचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. त्या बाईंनी पुढचं वाक्य लिहिलं असतं तर ते पोर आईच्या कुशीतून गेलं असतं, किती दिवस ते देव जाणे.

आणि विमलावयनी उठली.

मी वाट बघत होते की ही आता दृष्टीचं सांगेल, नर्सचं सांगेल, नाहीतर काचेच्या पेटीलाच दोष देईल. ती त्या बाईंच्या मेजापुढे जाऊन उभी राहिली. अंगात अजून सकाळचीच साडी, पदराला तेलाचे डाग.

"तिका कित्याक इचारतास?" ती कडाडली. "तिका पोर न्हाणवूक येता काय? आमच्या घरात पोरां न्हाणयता ती हांव. चाळीस वर्सां हांवच. तिचो हात लागूक दिलंय काय हांवें? पाय मोडलो तो माज्या हातात मोडलो. बरय त्या कागदार, विमला कृष्णनाथ."

त्या बाई बघतच राहिल्या. मीसुद्धा. कबुली द्यायची तर माणूस मान खाली घालतो, रडतो, हात जोडतो. हिने कबुली दिली ती सुनेला हिणवून. पोराचं हाड मोडण्याचं कामसुद्धा दुसरं कोणी करू शकतं, हेच तिला सहन झालं नव्हतं. तरी पण ती बोलली. त्या खोलीत खरं बोलणारी ती एकटीच होती.

डॉक्टरने औषधाचं विचारलं. विमलावयनीने तेही सांगितलं, पुड्या, डबा, तिजण, सगळं, जणू दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगतेय. डॉक्टरने डोळे मिटून घेतले, मग उघडून विचारलं, किती दिवस? सोळा दिवस. घरात हे आणखी कोणाला माहीत होतं?

विमलावयनी म्हणाली, "ना."

डॉक्टर माझ्याकडे वळली. "काकी, तुम्ही औषधांच्या दुकानात होता म्हणालात. तुमच्या लक्षात नाही आलं?"

समीक्षेने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे रडून सुजले होते आणि त्यांत काही आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज मला तिथे, त्या खोलीत ऐकू आला. मी 'हो' म्हणणार होते की 'नाही', हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी काही म्हणायच्या आत विमलावयनी हसली. खरोखर हसली, नाकातून, जशी ती न्हाणीत हसते.

"हिका?" ती डॉक्टरला म्हणाली. "हिका काय कळता! ही दुकानात डबे पुसूक आसली. औषदां मालक वाचतालो."

मी एकतीस वर्षं वाचलेली सगळी नावं, मात्रा, धोके तिने एका वाक्यात केराच्या टोपलीत टाकले. चौतीस वर्षांत तिने केलेला तो सगळ्यांत मोठा अपमान होता. आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी उलट उत्तर दिलं नाही. मी मान हलवली. होय, मी डबे पुसायचे.

सिद्धीचा पाय तीन आठवडे पट्टीत होता. लहान पोरांची हाडं जुळतात लवकर, डॉक्टर म्हणाली होती, तशी जुळली. औषध सुरू झालं, रक्त सुधारलं, आता ती साडेचार किलोची आहे आणि हात लावला तर रडत नाही. कागदवाल्या बाईंनी बजावलं होतं की आजीने बाळाला एकटीने हाताळायचं नाही, आणि आरोग्य केंद्रातली नर्स आठवड्याला येऊन बघेल. समीक्षेने वहीतलं पान फाडून न्हाणीच्या दारावर चिकटवलंय. रुद्रेश ते पान रोज बघतो आणि रोज नव्याने वाचत नाही.

विमलावयनी न्हाणवत नाही आता. वाड्यावर कोणाचंही नाही. परवा लक्ष्मीची सून नवं बाळ घेऊन आली तर हिने तिला दारातच सुनावलं की पोराला पाय धरून उचलायचं नसतं, एवढंही कळत नाही काय तुला, कुल्ल्यांखाली हात घाल. असं सांगितलं की जणू हा शोध हिनेच लावलाय. मला राग आला. यायचा तेवढाच आला.

एवढं मात्र झालंय की रोज सकाळी भिंतीपलीकडून तिची हाक येते, "शालिनी!" मी जाते. समीक्षा पोर घेऊन जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, बसलेली असते. विमलावयनी माझ्यापुढे पुडी धरते, वाटी धरते, पाण्याचं माप धरते.

"वाच," ती म्हणते.

आणि मी मोठ्याने वाचते. नाव, मात्रा, किती पाण्यात, कितीदा. ती ऐकते आणि मान हलवते. मग मी पूड विरघळवते आणि समीक्षा पाजते. डबे पुसणाऱ्या बाईकडून ती हे रोज का वाचून घेते, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तिला त्या दिवशी माझी लाज राखायची होती की तिला माझ्याबद्दल खरंच तसं वाटतं, तेही विचारलेलं नाही. विचारलं तर तो डबा उघडावा लागेल.

समीक्षेला अजून माहीत नाही. ती मला रोज म्हणते, "काकी, तुम्ही आहात म्हणून बरं."